मदतीची मैफल कशी ऐकायची?

पत्रिकेवर आजचा विषय 'कलादालन आणि मैफल' असा छापलाय, तो जरा मोघम आहे. आम्हाला बोलायचंय ते त्यातल्या एकाच प्रकाराबद्दल. गावातलं कलादालन, गावातलेच गाणारे-वाजवणारे, आणि कशाला तरी पैसे कमी पडताहेत म्हणून लावलेली मैफल. कधी छपरासाठी, कधी कुणाच्या शस्त्रक्रियेसाठी, कधी पुरात सगळं गेलेल्या लोकांसाठी. 'आम्ही' म्हणजे आम्ही चौघं. अशा कार्यक्रमांना जायचं, मागे बसायचं, टिपणं काढायची, एवढाच आमचा उद्योग. आज बोलतोय एकजण, टिपणं चौघांची आहेत.

या मैफलींची समीक्षा कधी वाचलीय का तुम्ही? नाही ना. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. श्रोते मंत्रमुग्ध झाले, उत्स्फूर्त प्रतिसाद मिळाला, अमुक यांनी सूत्रसंचालन केलं, तमुक यांनी आभार मानले. सोबत समई पेटवतानाचा फोटो. त्यात गाणारी बाई नसतेच, कारण समई पेटवतात त्या वेळी ती आत साडीला माइक लावून घेत असते. (हशा) आम्ही एकदा एका संपादकांना म्हटलं, गाण्याबद्दल लिहून देतो. ते म्हणाले, 'अहो, चांगल्या कामासाठी होतं, त्यात काय खोड्या काढायच्या?' वाक्य सज्जनपणाचं आहे, पण त्याचा अर्थ नीट बघा. काम चांगलं असलं की गाणं कसंही चालतं, असा तो अर्थ होतो. आमचा आक्षेप तिथे आहे.

आपल्याकडे पूर्वी असं नव्हतं. ८ जुलै १९२१ चा 'संयुक्त मानापमान' तुम्हाला माहीत आहे. मुंबईला बालीवाला थिएटरात गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. कशासाठी? टिळक स्वराज्य फंडासाठी. म्हणजे मदतीचाच प्रयोग, आणि तोही देशासाठी. याहून मोठं 'चांगलं काम' त्या काळात दुसरं नव्हतं. तिकिटांचे दर नेहमीच्या कितीतरी पट. आणि एवढं असूनसुद्धा लोक तिथे काय ऐकायला गेले? दोघांत सरस कोण ते. त्या रात्री कुणी बाजी मारली यावर मराठी माणूस शंभर वर्षं भांडतोय. फंडाला किती जमले ते किती जणांना ठाऊक आहे? त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले, जेमतेम एकतीस वर्षांचे होते. त्या प्रयोगाची आठवण त्यामुळेही हळवी झाली असेल, पण ती टिकली आहे ती गाण्याच्या तुलनेमुळे. फंड आणि पारख ही दोन्ही एकाच प्रयोगात सुखाने नांदली.

आता मोठ्या नावांवरून खाली उतरू. एका जिल्ह्याच्या गावातलं कलादालन आहे. नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एकाचा नाही. लांबट हॉल, शहाबादी फरशी, पांढऱ्या भिंती, वर पत्रा आणि त्याखाली फॉल्स सीलिंग. पावसाळ्यात दोन ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात आणि त्या बाजूच्या भिंतीवर चार महिने चित्रं लावता येत नाहीत. छपराच्या दुरुस्तीसाठी त्यांनी गेल्या हिवाळ्यात पाच शनिवार पाच मैफली केल्या. कलाकार सगळे गावातले. आम्ही पाचही ऐकल्या.

पहिलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अभंग, नाट्यपदं, दोन भावगीतं, शेवटी भैरवी. निवेदन गाण्यापेक्षा जास्त. चौथी गझलांची होती, तिथे साउंडवाल्याने इतका इको सोडला होता की मतल्याचा शेवट पुढच्या शेराच्या सुरुवातीला येऊन भेटत होता.

दुसरीवर मात्र थांबायला हवं. गाणाऱ्या बाई एका शाळेत संगीत शिकवतात. पत्रिकेत वेळ साडेसहाची. त्यांनी तयारी केली होती पूरिया धनाश्रीची, म्हणजे संधिप्रकाशाचा राग, आणि हिवाळ्यात साडेसहाला सुरू झाला असता तर अगदी चपखल. पण आधी दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग छपराची कहाणी, मग देणगीदारांचे सत्कार. त्यात एका पाहुण्यांनी कलेचं महत्त्व सांगितलं, तेही सविस्तर. गाणं सुरू झालं सात वाजून पन्नास मिनिटांनी. बाहेर पार्किंगमध्ये हॅलोजन लागलेले, संधिप्रकाश केव्हाच मावळलेला. वर आयोजकांची चिठ्ठी आली की पाऊण तासात आटपा, नंतर लकी ड्रॉ आहे.

त्यांनी राग बदलला नाही. ते आम्हाला फार आवडलं. विलंबित एकतालात पंचमावर त्या ज्या ठेहरावाने थांबल्या, त्या ठेहरावातून शिकवणाऱ्या माणसाची शिस्त दिसते. पूरियात पंचम नाही, श्रीमध्ये आहे पण तिथे कोमल रिषभाचा रोख वेगळा, आणि या दोघांच्या मधून पूरिया धनाश्रीची वाट काढायची असते. ती वाट त्यांना माहीत होती. तीव्र मध्यमावरून गंधारावर येऊन पुन्हा मध्यमाला स्पर्श करत कोमल रिषभाकडे उतरणं त्यांनी चार-पाच वेळा केलं आणि प्रत्येक वेळी वेगळ्या मात्रेवर. हे गावात बसून, दिवसभर सातवी 'ब'ला प्रार्थना शिकवून केलेलं काम आहे, बरं का.

आणि उणं? तेही होतं. तार षड्जाकडे जाताना निषाद दोनदा चढा लागला. द्रुतात ताना घाईने घेतल्या, अर्ध्या आवर्तनात संपवायच्या म्हणून संपवल्यासारख्या. सरगम अनावश्यक होती. पण यातलं किती त्यांचं आणि किती त्या हॉलचं, हे वेगळं काढायला हवं, आणि समीक्षकाचं काम इथेच सुरू होतं. फरशी कडक, भिंती कडक, पडदे नाहीत. अशा जागेत सूर लगेच विरत नाही, रेंगाळतो. लागून असलेले दोन सूर, म्हणजे षड्ज आणि कोमल रिषभ, हवेत एकमेकांवर चढतात. वर इलेक्ट्रॉनिक तानपुरा स्पीकरमधून मोठ्याने. बाईंचा रिषभ जिथे धूसर वाटला तिथे तो खरोखर धूसर होता की मागचा षड्ज अजून हॉलमध्ये फिरत होता? आम्ही मध्यंतरात जागा बदलून पुढे, त्यांच्यापासून आठ-दहा फुटांवर जाऊन बसलो. तिथे रिषभ स्वच्छ होता. तानांचं मात्र पुढेही तेच.

म्हणजे कलादालन ही स्वस्तात मिळालेली कुठलीही जागा नाही. तिचा स्वतःचा आवाज आहे. आलाप, ध्रुपद, बीन, संथ गत, एकट्या सारंगीचा किंवा व्हायोलिनचा लांब सूर, हे सगळं अशा हॉलमध्ये फुलतं. द्रुत तबला तिथे चिखलासारखा होतो. तिसऱ्या मैफलीत एका तरुण तबलावादकाने सोलो वाजवला. हात तयार, पण कायद्याचे बोल चौपटीत गेले की नुसता गडगडाट ऐकू येई. त्याच्या जागी कुणीही असतं तरी तेच झालं असतं. पाचव्या मैफलीत व्हायोलिन होतं. साउंडचा खर्च परवडेना म्हणून माइक नव्हता, म्हणून लोकांना सतरंजीवर अर्धवर्तुळात जवळ बसवलं होतं. पाचांतली सर्वांत चांगली मैफल ती. आयोजकांनी मात्र ती नाइलाजाने केलेली होती, आणि अहवालात 'ध्वनिव्यवस्थेअभावी गैरसोय झाली' असं लिहिलं!

आणि भिंतीवरची चित्रं? पाचही शनिवारी तिथे गावातल्याच चित्रकारांचं प्रदर्शन चालू होतं. कलाकारांच्या मागे प्रायोजकांचा फ्लेक्स लावला, बारा फुटी. त्याच्यामागे तीन जलरंग झाकले गेले. चित्रांसाठी छप्पर, छपरासाठी मैफल, आणि मैफलीसाठी चित्रं झाकली. यावर आम्ही काय बोलणार? (हशा) एकाही निवेदकाने एकाही चित्राचा उल्लेख केला नाही, हे जास्त खटकलं.

आता पैशाकडे येतो. इथे मंडळी जरा अवघडतात, पण हाच गाभा आहे. त्या कलादालनाचा हिशेब आम्ही उघड करणार नाही, तो त्यांचा आहे. एक काल्पनिक हिशेब मांडतो, तुम्ही तुमच्या गावाचे आकडे घाला. समजा १२० श्रोते, ३०० रुपये तिकीट. झाले ३६,००० रुपये. खर्च धरा: साउंड, फ्लेक्स, पत्रिका, सतरंज्या-खुर्च्या, हार-गुच्छ-शाली, चहा-वडा, मिळून १९,०००. उरले १७,०००, ते छपराला गेले. मंचावर पाच कलाकार होते: गायिका, तबला, पेटी, टाळ आणि तानपुऱ्यावर एक विद्यार्थिनी. कुणीच काही घेतलं नाही. सरासरी ३,००० रुपये धरले तरी त्यांनी सोडलेलं मानधन १५,००० झालं.

म्हणजे छपराला गेलेल्या १७,००० पैकी १५,००० कुणी दिले? श्रोत्यांच्या ३६,००० पैकी १९,००० साउंडवाल्याला, फ्लेक्सवाल्याला आणि वड्यांना गेले. त्यांनी आपापलं बिल घेतलं आणि ते योग्यच आहे. सगळ्यात मोठे देणगीदार मंचावर मांडी घालून बसले होते, आणि देणगीदारांच्या फलकावर त्यांचं नाव नव्हतं. पाच हजारांची देणगी देणाऱ्याचा सत्कार झाला. तबलावाल्याला गुलाबाचं फूल मिळालं, कारण शाली चारच आणल्या होत्या.

कुणी म्हणेल, कलाकार स्वखुशीने देतात. गायिकेच्या बाबतीत हे काही अंशी खरं असेल. तिचा पगार आहे, नाव होतं, विद्यार्थी मिळतात. साथीदाराची गोष्ट वेगळी. तबला आणि पेटी वाजवणाऱ्याची शनिवारची संध्याकाळ हाच त्याचा बाजार असतो. त्याला विचारतं कोण? गायिकेला विचारतात, आणि ती त्याला म्हणते, 'दादा, छपरासाठी आहे, याल ना?' नाही म्हणायची सोय असते का? उद्या तिच्याच दुसऱ्या कार्यक्रमाला त्याला बोलावणं यायला हवं असतं. छोट्या गावात हे सगळे धागे एकमेकांत असतात. वर्षाला अशा आठ-दहा मैफली झाल्या तर तो माणूस एखाद्या महिन्याची कमाई धर्मादाय करतो, आणि त्याचं स्वतःचं छप्पर गळत असेल तर त्यासाठी मैफल कुणी लावत नाही.

यावर एक साधा मार्ग आहे. मानधन द्यायचं, चेकने किंवा खात्यावर. मग ज्याला परत द्यायचंय त्याने देणगी म्हणून परत द्यावं आणि पावती घ्यावी. संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता असेल तर त्याला करातही त्याचा उपयोग होऊ शकतो. फुकट वाजवलेल्या तबल्याला मात्र ती सवलत नाही, ती फक्त पैशाच्या देणगीला असते, आणि रोखीने दिली तर दोन हजारांपर्यंतच. पण करापेक्षा मोठी गोष्ट अशी की 'घेतले आणि दिले' यात माणसाच्या हातात निर्णय राहतो. ज्याला ठेवून घ्यायचेत तो कुणाला न सांगता ठेवून घेऊ शकतो.

हे आम्ही हवेत बोलत नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत हे सहा-साडेसहा वर्षं चाललं. सप्टेंबर १९३९, युद्ध जाहीर झालं, थिएटरं आणि सभागृहं बंद. गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी वेल्सकडे हलवलेली. नुसत्या रिकाम्या भिंती. मायरा हेस नावाची नामांकित पियानोवादक, तिने आपला अमेरिकेचा दौरा सोडला आणि गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांना विचारलं की इथे दुपारी मैफली करू का. पहिली झाली १० ऑक्टोबर १९३९ ला. स्वतः हेसच वाजवायला बसली. तिकीट एक शिलिंग. थोडेसे लोक येतील अशी अपेक्षा होती, बाहेर रांग लागली. त्यानंतर सोमवार ते शुक्रवार, रोज दुपारी, १० एप्रिल १९४६ पर्यंत. मैफली झाल्या १,६९८, आणि श्रोते आठ लाखांच्या वर. बॉम्बवर्षावाच्या काळात तळघरात बसून वाजवलं. एकदा आवारात न फुटलेला बॉम्ब निघाला, तेव्हा शेजारच्या दुसऱ्या इमारतीत गेले, पण वार चुकवला नाही.

उरलेला पैसा जाई अडचणीतल्या संगीतकारांच्या मदत निधीला. म्हणजे या मदतीच्याच मैफली. पण वाजवणाऱ्याला काय मिळे? पाच गिनी. प्रसिद्ध असो वा नवखा, प्रत्येकाला पाच गिनी. सभागृहं बंद असल्यामुळे संगीतकारांचं पोटच बुडालं होतं, त्यामुळे त्यांना काम देणं हाच मदतीचा पहिला भाग होता. मदत करणाऱ्यालाच मदतीची गरज असू शकते, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आणि कार्यक्रम कसे? लोक घाबरलेले आहेत, थकलेले आहेत, म्हणून हलकंफुलकं द्या, असं नाही केलं. बाख, बीथोव्हेन, ब्राम्स, चेंबर म्युझिक. युद्ध जर्मनीशी आणि वाजवतायत जर्मन संगीतकार! खाली कॅन्टीनमध्ये मध-बेदाण्याची सँडविचेस मिळत, ती आजही लोकांच्या आठवणीत आहेत, आणि कॅन्टीनचा नफाही निधीला. म्हणजे वडा तिथेही होता. फक्त तो कमावणारा होता, आपल्यासारखा खर्चाच्या बाजूला नव्हता.

तुलना विषम आहे हे आम्हाला कळतं. लंडन कुठे, जिल्ह्याचं गाव कुठे. मायरा हेस रोज मिळत नाही. पण त्यांनी केलेल्या ज्या गोष्टी आम्हाला घेण्यासारख्या वाटतात, त्यांना मोठेपणा लागत नाही. वेळेवर सुरू करायचं. भाषण नाही. पूर्ण लांबीचं, पूर्ण गंभीर संगीत. वाजवणाऱ्याला ठरलेला पैसा. आणि वार ठरलेला, म्हणजे श्रोता उपकार करायला येत नाही, सवयीने येतो. कळंगुटला केरकर कलादालनात मंगळवारच्या संध्याकाळी अशी बैठक असे, गोव्यातले कलाकार आणि समोर तिकीट काढून बसलेले पर्यटक. तिथे निधीचा प्रश्न नव्हता, पण ठरलेल्या वाराची ताकद तीच.

उलट बाजूही सांगायला हवी. मैफलींवर सगळं पेलेल असंही नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाश्रयावर नाही, लोकांच्या पैशावर. जलसे केले, तिकिटं लावली, देणग्या मागितल्या. गवयाने तिकीट लावून गावं हेच तेव्हा नवं होतं. शाळा उभी राहिली, शेकडो विद्यार्थी तयार झाले. पण मुंबईची इमारत कर्जात होती आणि १९२४ ला तिचा लिलाव झाला. पलुस्करांसारख्या माणसाला जे जमलं नाही ते आपल्या पाच शनिवारांना जमेल का? रोजचा खर्च, विद्यार्थ्यांची फी, एखादं प्रदर्शन, हे मैफलींतून निघतं. पत्रा, स्लॅब, वायरिंग यांच्यासाठी नगरपालिकेच्या दारात बसावंच लागतं. मैफल लावली की ते बसणं टळतं, आणि पालिकेलाही बरं वाटतं. आमच्या एका सहकाऱ्याचं मत तर असं आहे की सार्वजनिक इमारतीच्या छपरासाठी गवयाला फुकट गायला लावणं हा त्या पालिकेला दिलेला छुपा कर आहे. आम्ही इतर तिघं एवढं टोकाला जात नाही, पण त्याचं म्हणणं खोडूनही काढता येत नाही.

त्या गावात पुढे काय झालं, असं विचाराल. छपराची एक बाजू झाली, दुसरी राहिली. व्हायोलिनवाल्यांना पुन्हा बोलावलंय, यंदा माइकशिवाय, आणि या वेळी मुद्दाम. पत्रिका कालच व्हॉट्सॲपवर आली. वेळ सहाची आहे, खाली 'सहालाच' असं लिहिलंय. मानधनाचं विचारलं, तर तबल्याचं देणार आहेत, पेटीचं अजून ठरायचंय म्हणाले. पूरिया धनाश्रीवाल्या बाईंना आमचं टिपण आम्ही पाठवलं होतं, निषादासकट. त्यांचा फोन आला. निषादाबद्दल त्या भांडल्या, चांगला अर्धा तास. म्हणाल्या, इतक्या वर्षांत कुणी एवढं ऐकून सांगितलं नव्हतं, पण तुमचं चुकतंय. रेकॉर्डिंग पाठवणार आहेत, ते आलं की चौघं मिळून ऐकू.

बरं, वेळ होत आली. प्रश्न घेऊ या. मागे ते काका मघापासून हात वर करून बसलेत, त्यांच्याकडे माइक द्या.